सोलापूर ते नोएडा : कापलेल्या चामड्याच्या मागावर

दिल्लीला कशाला, असं ज्याने त्याने विचारलं आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. शेजारच्या काकूंना सांगितलं, फिरायला. कारखान्यातल्या बायांना सांगितलं, नवीन मशिन बघायला. खरं कारण फक्त नवऱ्याला माहीत होतं. तो चहा पिता पिता एवढंच म्हणाला, "त्यांना सांगणार कधी?" मी म्हटलं, "सांगेन की. वेळ बघून." आणि बॅग भरायला उठले, कारण पुढचं काही ऐकायचं नव्हतं.

आता तुम्हाला नीट सांगते. सोलापुरात आमचा एक छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, चार शिलाई मशिनं, ती चालवणाऱ्या चार बाया आणि तेव्हा एक कटर, म्हणजे चामडं कापणारा. सासऱ्यांनी तो सुरू केला. मधुमेहाने ज्यांच्या पायांची जाणीव गेली आहे त्यांच्यासाठी आम्ही दवाखान्यांच्या ऑर्डरीवर मऊ चामड्याचे बूट बनवतो. अशा माणसाला बुटाची शिवण आत घासली तरी कळत नाही आणि थेट जखमच दिसते, त्यामुळे चामडं कापताना जराही इकडेतिकडे झालेलं चालत नाही. हे कापायचं काम चाळीस वर्षं दामूअण्णा करत आले होते. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते त्याच पाटावर बसलेले होते. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण हात काही थांबेना. चांगल्या चामड्याचे वाया गेलेले तुकडे कोपऱ्यात साठायला लागले आणि ऑर्डरी वाढत चालल्या होत्या.

तेवढ्यात माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने, दिल्लीत सरकारी नोकरी करणाऱ्या वैशालीने, फोनवर सांगितलं की नोएडात चामड्याचे भाग कापून तयार मिळतात. तुम्ही कागदी नमुना पाठवायचा, ते लोखंडी साचा बनवतात आणि हवे तेवढे तुकडे कापून खोक्यात भरून पाठवतात. मी चाट पडले. मग इंटरनेटवर बघत बसले तर काय, अर्धं जग याच्यावरच चाललेलं! चामडं एका देशात कमावतात, दुसऱ्या देशात कापतात, तिसऱ्यात शिवतात आणि विकतात चौथ्यात. मला हे डोळ्यांनी बघायचंच होतं.

दामूअण्णांना सोबत घेतलं ते माल पारखायला. हे कारण खरं होतं, पण अर्धंच. माल चांगला निघाला तर आम्हाला कटर लागणार नव्हता. म्हणजे मी त्यांना त्यांचीच नोकरी संपवायला घेऊन निघाले होते आणि हे त्यांना सांगायची माझी छाती होत नव्हती. लिहितानाही लाज वाटते आहे, पण लपवून हा ब्लॉग लिहिण्यात अर्थ नाही.

सोलापूरहून दिल्लीला थेट गाडी आहे. सकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत दिल्ली. थ्री एसीचं तिकीट माणशी दोन हजारांच्या आसपास पडलं. महिनाभर आधी काढा, नाहीतर वेटिंगवर लोंबकळाल. जेवण घरचं घ्या. आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्यातली मिरची नेली होती, आणि समोरच्या बर्थवरच्या जोडप्याने दौंडच्या आतच मिरचीचा फन्ना पाडला.

दामूअण्णा खिडकीतून बाहेर बघत नव्हते. ते बर्थखाली काढून ठेवलेल्या चपला-बूट बघत होते.

"वैनी, ह्यो जो कोण मानूस हाय ना, ह्यो डाव्या पायावर जास्त भार टाकतोय. गुडघा दुखत असनार बगा."

तेवढ्यात तो माणूस गुडघा चोळतच वरच्या बर्थवरून खाली उतरला. मी हसू दाबायला पदर तोंडावर धरला. "अण्णा, तुम्ही ज्योतिषी व्हायला पाहिजे होतं."

"ज्योतिषाला काय कळतंय? चामडं खोटं बोलत न्हाई."

मनमाडला चहा घेताना सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "साखर जास्त झालीय का?" भुसावळला पुन्हा ठरवलं, तर ते झोपले होते. खरं सांगते, ते झोपलेले बघून मला बरं वाटलं.

दिल्लीत उतरलो आणि पहाडगंजात दोन खोल्या घेतल्या, एका खोलीला बाराशे. स्टेशनपासून चालत जाता येतं, पण सामान जास्त असेल तर ई-रिक्षा करा आणि बसायच्या आधी भाव ठरवा. खोल्या स्वच्छ होत्या, खिडकी भिंतीकडे उघडत होती, तक्रार नाही. फेब्रुवारीचे दिवस होते. सकाळी स्वेटर आणि दुपारी नुसता सदरा, अशी हवा. दिल्लीला जायचं तर याच दिवसांत जा.

दुपारी मेट्रोने दोन स्टेशनं पलीकडच्या करोलबागेत गेलो. साड्या आणि मोबाईलच्या दुकानांच्या मागे बुटाच्या सामानाच्या गल्ल्या आहेत, तिकडे फारसे पर्यटक जात नाहीत. तुम्ही मात्र जरूर जा. एका दुकानात नुसत्या टाचा, एकात नुसत्या नाड्या आणि एकात नुसती बक्कलं. एका ठिकाणी लोखंडी साचे खिळ्यांना टांगलेले होते. पायाच्या बोटांचा, टाचेचा, जिभेचा, असा बुटाच्या प्रत्येक भागाचा वेगळा साचा. पट्टी वाकवून केलेला, एका कडेला धार. तो चामड्यावर ठेवायचा, वरून प्रेस दाबायचा की तुकडा सुटा.

दामूअण्णांनी एक साचा हातात घेतला आणि आपल्या सोलापुरी हिंदीत दुकानदाराला विचारलं, "ये एकीच बाजू से कायकू कापता? दुसरे पाव का कैसा करते?"

दुकानदार हसला. "साउथ से हो क्या, चाचा? दोनों तरफ़ धार वाला भी आता है. पलट के रखो, दूसरा पैर निकल आएगा. थोड़ा महँगा पड़ता है."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. नोएडाला मी एकाच बाजूला धार असलेल्या साच्याची ऑर्डर देणार होते, पैसे वाचवायला! कापड उलटं करून कापता येतं, पण चामड्याला तोंड आणि पाठ असते, ते उलटं घालून चालत नाही. म्हणजे माझे सगळे बूट डाव्याच पायाचे झाले असते. मी दामूअण्णांकडे बघितलं. ते साच्यावरून अंगठा फिरवत होते, मला काही बोलले नाहीत. तेवढा मोठेपणा त्यांनी दाखवला.

संध्याकाळी कस्तुरबा गांधी मार्गावर वैशाली भेटली. तिथे आपल्या राज्याच्या अतिथिगृहात जेवण मिळतं. पिठलं, भाकरी, ठेचा. दिल्लीच्या मानाने स्वस्त आणि पोट भरेल असं. वैशाली मूळची वर्ध्याची, पण वीस वर्षांत तिची मराठी बरीच दिल्लीची झाली आहे. दामूअण्णा हात धुवायला उठले तशी ती माझ्यावर उखडली.

"अरे यार, तू अजून सांगितलंच नाहीस त्यांना?"

"कसं सांगू?"

"बिल्कुल सरळ सांग. माझ्या ऑफिसात ट्रान्सफर ऑर्डर आली ना, तर निदान कागद तरी हातात देतात. तू तर माणसाला टूर घडवते आहेस!"

मला राग आला, कारण ती बरोबर होती. दामूअण्णा परत आले आणि म्हणाले, "पिठल्यात लसूण कमी हाय." 

तिसरा दिवस नोएडाचा. पहाडगंजाजवळच्या मेट्रो स्टेशनवरून निळी लाईन थेट नोएडात शेवटच्या स्टेशनपर्यंत नेते. गाडी बदलायची कटकट नाही, तासभर लागतो. यमुना ओलांडताना सगळेजण मोबाईलमध्ये होते. शेवटच्या स्टेशनवर उतरून ई-रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं, की कारखान्यांचे सेक्टर सुरू. बाहेरून सगळ्या इमारती सारख्याच, त्यामुळे गेटवरचा नंबर नीट विचारून घ्या.

मालकीणबाई हरप्रीतजी, पन्नाशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, पायात जाड तळव्याचे बूट. दामूअण्णांनी आधी बूट बघितले आणि मग नमस्कार केला. त्या आम्हाला आत घेऊन गेल्या.

आत एक लांबलचक हॉल. एका टोकाला चामड्याच्या चवडी, दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याची खोकी. मधे बारा प्रेस, धाप धाप धाप. एका टेबलावर घड्याळाचे पट्टे, एकावर गाडीच्या स्टिअरिंगची कव्हरं, एकावर बायकांच्या पर्सच्या मुठी, आणि सगळं अर्धवट, नुसते तुकडे. खोक्यांवर लिहिलेले देश वाचत मी चालत होते. व्हिएतनाम, पोर्तुगाल, आणखी कुठली कुठली नावं.

"ये पर्स बनने के बाद कैसी दिखती है?" मी विचारलं.

"पता नहीं जी," हरप्रीतजी म्हणाल्या. "बाईस साल हो गए, हमने आज तक देखी नहीं. ड्रॉइंग कहीं से आती है, चमड़ा कहीं से, हम काट के आगे भेज देते हैं. सिलाई जहाँ सस्ती पड़े, वहाँ."

बावीस वर्षं मुठी कापतात आणि पर्स बघितलेली नाही! मला हे इतकं नवलाचं वाटलं की मी दोनदा विचारलं. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मी कागदी नमुना आधीच कुरियरने पाठवला होता. त्यावरून त्यांनी तात्पुरता साचा करून घेतला होता आणि आमच्यासमोर दहा जोड कापून दाखवले. दोन्ही पायांचे. साच्याच्या धारेबद्दल त्यांनी स्वतःच काळजी घेतली होती. कडा बघून माझे डोळे विस्फारले. एकही तुकडा दुसऱ्यापेक्षा केसभर मोठा नाही. दामूअण्णांनी एकेक उचलला, डोळ्यांजवळ नेला, कडेवरून नख फिरवलं. 

"चांगलं कापत्यात वैनी," ते म्हणाले. "माझ्यापरीस चांगलं."

ते अगदी साधेपणाने म्हणाले. हेच ऐकायला मी हजारावर मैल आले होते आणि आता ऐकवेना.

मी काहीतरी बोलायचं म्हणून कोपऱ्यातल्या फाटक्या खोक्याबद्दल विचारलं. हरप्रीतजींचा चेहरा उतरला. तो माल व्हिएतनामहून परत आला होता. इथून जाताना सगळे तुकडे गुळगुळीत, तपासून पाठवलेले. तिथे शिवून, वळवून झाल्यावर त्यांच्यावर सुरकुत्या उठल्या. कापताना झालेली चूक समुद्रापलीकडे शिलाई झाल्यावर कळते आणि तोवर उशीर झालेला असतो. असं आता तिसऱ्यांदा झालं होतं आणि गिऱ्हाईक तुटायच्या बेतात होतं.

दामूअण्णांनी खोक्यातला, अजून न शिवलेला एक तुकडा घेतला. गुळगुळीत बाजू आत घेऊन अंगठ्यावर दुमडला आणि उजेडात धरला. "ह्ये पोटाचं हाय." दुसरा घेतला. "ह्यो पाठीचा, ह्यो चालंल." तिसरा. "ह्ये बी पोटाचं." मी हिंदीत सांगत गेले. जनावराच्या पोटाचं चामडं ढिलं असतं, ताणलं की सुटतं. सपाट ठेवलं तर कुणाला ओळखू येत नाही. अण्णा दुमडून त्याच्या सुरकुतीवरून ओळखतात, बारीक सुरकुती म्हणजे चांगलं, जाड सुरकुती म्हणजे ढिलं. आमच्याकडे ते पोटाचं चामडं बुटाच्या वरच्या भागाला कधी लावूच देत नसत. मला ती त्यांची खोड वाटायची. खर्च वाढतो म्हणून मी त्यांच्याशी भांडलेही आहे.

हरप्रीतजींनी लगेच एक अख्खं चामडं टेबलावर पसरलं आणि त्यांच्या हातात चंदेरी शाईचं पेन दिलं. कापायच्या आधी खराब जागांभोवती त्या पेनाने गोल करायचे आणि कापणाऱ्याने ते गोल टाळायचे, अशी तिथली पद्धत आहे. दामूअण्णांनी डोळे अर्धे मिटले आणि तळहात चामड्यावरून सावकाश फिरवला. थांबले, दुमडलं, गोल केला. हात थरथरत होता, गोल वेडेवाकडे येत होते. पण वेड्यावाकड्या गोलाने काय बिघडतं? त्यांनी अकरा गोल केले. तिथल्या तपासनिसाला त्याआधी त्यातल्या चारच जागा सापडल्या होत्या. हरप्रीतजींनी उरलेल्या सात जागा एकेक करून दुमडून बघितल्या आणि सातही जागी जाड सुरकुती उठली.

प्रेस चालूच होते, पण आमच्या टेबलाभोवती सहा-सात माणसं जमली होती.

"दीदी," हरप्रीतजी मला म्हणाल्या, "अण्णाजी को मुझे दे दो."

मी फणकारले. "दे दो मतलब? वो कोई सामान हैं क्या?"

बोलून गेले आणि कानशिलं तापली. मी स्वतः काय करायला आले होते? हरप्रीतजींनी माफी मागितली आणि मग सरळ त्यांनाच विचारलं. पगार आमच्यापेक्षा दुपटीच्या जवळ, राहायला वरची खोली, काम फक्त हात फिरवून गोल करण्याचं. दामूअण्णा म्हणाले, "कल बताता." आणि चहा मागितला.

चौथ्या दिवशी त्यांना कुतुबमिनार बघायचा होता. मेट्रोने जाता येतं, पुढे थोडी रिक्षा, तिकीट ऑनलाईन काढलं तर रांग वाचते. वर मान करून ते बराच वेळ उभे राहिले. मग तिथल्या हिरवळीवर बसून आम्ही पेरू खाल्ले, तिखटमीठ लावलेले, अगदी फर्मास.

"वैनी, मी ऱ्हातो हितं," ते म्हणाले.

मी विचारही न करता भांडायला लागले. इथली थंडी, इथलं जेवण, वय काय, आजारी पडलात तर कोण बघणार! त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी बार्शीला दिलेली. सोलापुरात ते एका खोलीत एकटेच राहत होते. तरीही मी म्हटलं, "तिथे आम्ही आहोत ना!"

"हाय की. पन माझा हात बगून तुमी सगळी नजर फिरवता. हितं कुनी हाताकडं बघितलं न्हाई."

 मी पेरूच्या बिया थुंकत बसले. खरं कारण सांगायची आता गरजच उरली नव्हती आणि मला हायसं वाटलं, असं मी स्वतःला सांगितलं. पण तसं काही वाटत नव्हतं. वैशालीने त्यांच्यासाठी जाड स्वेटर आणला, जवळचा दवाखाना दाखवला आणि दर रविवारी जेवायला यायचं असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. परतीच्या गाडीत समोरच्या बर्थवर एक कॉलेजची मुलगी होती. मी घरून आणलेली उरलेली चटणी तिला दिली.

एकूण पाच दिवस, दोघांचा प्रवास, राहणं, खाणं धरून वीस हजारांच्या आत बसवलं. कुणाला कापलेल्या भागांचा धंदा बघायचा असेल तर आधी फोन करून जा, कारखान्याचे लोक अगत्याने दाखवतात. आणि चामड्याचे साचे दोन्ही बाजूंना धार असलेलेच घ्या.

घरी येऊन आता तीन महिने झाले. कापलेले तुकडे नोएडाहून येतात, बाया शिवतात, काम पूर्वीपेक्षा लवकर होतं. गेल्या आठवड्यात दामूअण्णांचा फोन आला.

"वैनी, तुमच्या ऑर्डरीचं चामडं मी परत पाठवलं. ढिलं हाय. दहा दिवस उशीर हुईल."

"अण्णा! इथे दवाखान्यातून रोज फोन येतात! आपल्याच ऑर्डरीला असं करता?"

"आपली हाय म्हनूनच. पेशंटच्या पायात जानार हाय त्ये."

 पलीकडे प्रेसचा आवाज येत होता. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तोंडातून निघूनच गेलं. "अण्णा, मी तुम्हाला माल पारखायला नेलं नव्हतं. तुम्हाला कामावरून काढायचं, हे ठरवूनच नेलं होतं. मला सांगायची हिंमत झाली नाही. माझं चुकलं."

"म्हायती हाय की. मधुराबाईनं निघायच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं." मधुराबाई म्हणजे आमच्याकडची सगळ्यात जुनी शिवणारी. तिने कधी आणि काय ऐकलं होतं, देव जाणे.

"मग तुम्ही आलात कशाला?"

"चाळीस वर्सं झाली वैनी, कामातनं कधी दिल्ली बगायला झालं न्हाई. म्हटलं, काढनारच हाईत तर त्यांच्या खर्चानं दिल्ली तरी बगून घेऊ."

ते मोठ्याने हसले. मला काही हसता आलं नाही.